सुती दोऱ्याचे धडे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, एप्रिल २०२४ मध्ये, उन्हाळी विणकाम वर्गाच्या प्रारंभी माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा कार्यवाह महोदय घेणारच आहेत. मी आज फक्त विणकामाविषयी बोलणार आहे. तेही सुती दोऱ्याच्या.

इंदूरच्या एप्रिलात विणकामाचा वर्ग म्हटल्यावर पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंडी, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. ते चुकीचेही नाही. मे महिन्यात लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसणे ही शिक्षाच आहे. घामेजलेल्या बोटांना लोकर चिकटते आणि टाका सुईवरून पुढे सरकत नाही. सूत मात्र घाम टिपून घेते. शिवाय खरी फुरसत आपल्याला उन्हाळ्यातच असते. आमच्या हस्तव्यवसायाच्या बाईंनी हे फार आधी ओळखले होते. वार्षिक परीक्षा संपली की त्या सुताच्या लड्या घेऊन वर्गात येत आणि सुटीचा गृहपाठ म्हणून प्रत्येकीला एक वस्तू विणायला सांगत. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर सुताविषयी बोलायचे म्हणजे पुन्हा तोंडी परीक्षेला उभे राहण्यासारखेच आहे.

बाईंचा एक आग्रह माजी विद्यार्थिनींना आठवत असेल. शेजारीपाजारी हिंदी बोलणाऱ्या; त्यामुळे आम्ही सगळ्या ‘सीधा फंदा, उल्टा फंदा’ म्हणायचो. बाई सुई टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘मराठी मुली फंदात पडत नाहीत, टाके घालतात.’’ सुलट, उलट, वीण, उसवणे, टाका निसटणे, गुंडा, लडी हे शब्द माझ्या पिढीच्या कानांवर या शाळेत पडले ते भाषेच्या तासाला नव्हे, तर विणकामाच्या.

सुताचा स्वभाव मला कळला तो मात्र फजिती होऊन. १९८५ च्या सुटीत मी दादासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणला. नमुना लोकरीचा होता, दोरा सुती. अंगावर छान बसला. आईने तो धुऊन ओलाच दोरीवर वाळत घातला. संध्याकाळी दादाने चढवला तेव्हा तो ढोपरापर्यंत आला होता. सगळे घर हसले, मी रडले. जूनमध्ये बाईंनी तो हातात घेतला, ओढून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘सुताचे काही चुकले नाही. तू त्याला लोकर समजलीस.’’

लोकरीचा धागा मूळचा लवचिक असतो. ताणला तरी मागे येतो, म्हणून विणणाऱ्याच्या लहानसहान चुका तो पोटात घालतो. सुताला ती लवचिकता नाही. टाका जसा घालाल तसाच तो राहतो. सैल तर सैल, घट्ट तर घट्ट. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी लोकरीत मनगट धरून ठेवते, सुतात ती हळूहळू पसरते. म्हणून पट्टीसाठी एक क्रमांक बारीक सुई घ्यावी. आपल्याकडे सुयांचे क्रमांक उलटे चालतात, आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. सूत लोकरीपेक्षा जड असते आणि पाणी प्यायले की आणखी जड होते. त्यामुळे सुती वस्तू दोरीवर टांगू नये, पंचावर पसरून सावलीत वाळवावी. एक गुण मात्र सुताचा असा की ओले झाले तर ते कमकुवत होत नाही, उलट अधिक बळकट होते. रोज धुवायच्या वस्तूंना त्याच्यासारखा दोरा नाही.

आता जे सांगायचे ते मला सोपे नाही.

बी.एड.च्या परीक्षेत मी १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेवर, हस्तव्यवसाय केंद्रस्थानी ठेवणाऱ्या नयी तालीमवर भरभरून उत्तर लिहिले होते. त्याला चांगले गुणही मिळाले. २०१२ साली मी या शाळेची मुख्याध्यापिका झाले आणि २०१३ च्या जूनमध्ये विणकामाची तासिका वेळापत्रकातून काढून टाकली. त्या जागी इंग्रजीचा जादा तास घातला. पट घसरत होता. मराठी माध्यमात मुले टिकवायची तर इंग्रजी दाखवावे लागेल, असे मला वाटत होते. त्या वर्षीच्या सभेत एक पालक उभे राहिले. त्यांचे वडील गिरणी कामगार होते. ते म्हणाले, ‘‘मॅडम, सुतावर पोट भरायचे दिवस या गावात संपले. पोरांना दुसरे काही शिकवा.’’ सभेत कोणीच काही बोलले नाही. ज्या शहरात हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या कामगारांची देणी हाती पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, त्या शहरात अशा वाक्याला काय उत्तर द्यायचे? मला ते वाक्य सोयीचे वाटले, हे आज कबूल करते. बाईंना मी आधी विचारलेसुद्धा नाही. त्यांना वेळापत्रक फलकावर लागल्यावर कळले. पुढल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि जाताना सुयांची पेटी कपाटात ठेवून गेल्या. पेटीवर चिठ्ठी होती : ‘सुया ६२, पैकी ३ वाकलेल्या.’ एवढेच.

बाई, त्या वेळी मी तुम्हाला विचारायला हवे होते.

जादा तासाने इंग्रजी सुधारले का, तर थोडे सुधारले. पट मात्र घसरतच राहिला. २०२२ मध्ये, महामारीनंतर मुले वर्गात परतली तेव्हा चौथीतल्या मुलांना बुटाच्या नाडीची गाठ जमत नव्हती, सातवीतली मुले अर्धे पान लिहून हात झटकत होती. आमच्या एका तरुण शिक्षिकेने कपाट आवरताना ती पेटी बाहेर काढली आणि सुटीत वर्ग घेण्याची परवानगी मागितली. पहिल्या वर्षी अकरा मुले आली. त्यांत चार मुलगे होते. दुसऱ्या वर्षी तेवीस. यंदा नावे चाळीसवर गेली आहेत. सभेतल्या त्या पालकांची धाकटी मुलगी यंदाच्या यादीत आहे. विणकामावर कोणाचे पोट भरेल असे मी त्यांना सांगणार नाही.

आता यंदाच्या वस्तूंविषयी. कारण सुती विणकामाचे निम्मे यश वस्तू निवडण्यातच असते.

सुरुवात सर्वांनी फडक्याने करायची. आठ पदरी सूत, आठ क्रमांकाच्या सुया, ५० ग्रॅमचा एक गुंडा. ४ टाके घाला आणि एक ओळ सुलट विणा. पुढे प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, मग दोरा सुईवरून पुढे घ्या, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला जाळीची किनार आपोआप उमटते. ४४ टाके झाले की उतरायला लागा : एक सुलट, दोन एकत्र, दोरा पुढे, पुन्हा दोन एकत्र, उरलेले सुलट. ४ टाके उरले की बंद करा. तिरप्या विणीचा चौकोन तयार. उलटा टाका यात कुठेच नाही आणि मापाची चिंता नाही. फडके बोटभर लहानमोठे झाले तरी ओटा पुसला जातोच.

मुलांची आवडती वस्तू म्हणजे पाण्याच्या बाटलीचे झबले. साध्या काचेच्या बाटलीवर जाड सुती वेष्टण विणून चढवायचे, भिजवायचे आणि बाटली वाऱ्याला ठेवायची. वेष्टणातले पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता घेऊन जाते. माठ गार राहतो तो याच कारणाने. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असल्यामुळे हे साधते; मुंबईच्या दमट हवेत तितके साधणार नाही. गेल्या वर्षी आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी दोन बाटल्या आणि एक तापमापक घेऊन त्यावर एक अख्खी सकाळ घालवली.

क्रोशाची सुई धरता येणाऱ्यांनी तांब्यावरची जाळी करावी. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे पुरते. कडेला काचेचे मणी ओवले की त्यांच्या वजनाने लू सुटली तरी झाकण उडत नाही. आपल्या आज्यांच्या घरी ती होतीच.

भाजीच्या पिशवीचा मोह आवरा. जाळीदार विणीत दोन किलो कांदे घातले की ती पायघोळ होते. करायचीच तर बंद विणू नका, कापडी पट्टी शिवा.

मोठ्या मुलींनी आणि आयांनी उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळासाठी झबले करावे. चार पदरी सूत, दहा क्रमांकाच्या सुया. समोरून उघडे ठेवा. जाळीची वीण टाळा, बाळाची बोटे अडकतात. दोऱ्याची टोके वीतभर ठेवून विणीत दडवा. सूत गुळगुळीत असते, आखूड टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर डोकावते. आणि आधी बोटभर लांबीचा का होईना, नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मगच माप घ्या, कारण काही सूत पहिल्या धुण्यात आटते. गडद लाल आणि पांढरा एकत्र विणण्यापूर्वी लाल दोरा वाटीभर पाण्यात भिजवून पाहा.

वर्ग सोमवारपासून सकाळी साडेसातला, खालच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीत भरेल. सुया शाळेच्या पेटीतून मिळतील. तीन वाकलेल्या अजूनही तशाच आहेत. दोरा घरून आणावा. ज्यांना परवडत नसेल त्यांनी मला एकट्यात सांगावे. बाईंनी दर बुधवारी यायचे कबूल केले आहे. त्या आल्या की आधी वस्तू उलटी करून पाहतात, हे माजी विद्यार्थिनींना सांगायला नको. नव्यांनी मंगळवारी रात्रीच टोके दडवून ठेवावीत.