मोटारीचें स्टिअरिंग बदलतांना

आजचा विषय थोडा लोखंडी आहे. पण तो आतां घराघरांत येऊन पोंचला आहे. भंडाऱ्यासारख्या गांवींही दाराशीं मोटार असणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं, आणि मोटार आली कीं तिला नटविण्याची हौस मागोमाग येतेच. कोणी दिवे बदलतो, कोणी आसनांना नवीं वस्त्रें चढवितो, आणि कांहीं हौशी मंडळी तर कारखान्यानें दिलेलें स्टिअरिंगच काढून त्या जागीं बाजारांतलें लहान, चकचकीत चाक बसवितात. आसनाचें वस्त्र बदलणें आणि हें चाक बदलणें यांत जें अंतर आहे, तें सांगावें एवढ्यासाठींच मी आज बोलत आहें.

या हौसेला कधीं कधीं सबळ कारणही असतें. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडीचें स्टिअरिंग हातांत धरवत नाहीं. वर्षानुवर्षें ऊन खाऊन त्यावरचें आवरण चिकट होतें, नाहीं तर त्याला तडे जातात. ॲम्बॅसडर गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. तिचा एखादा प्रेमळ मालक फुटक्या चाकाच्या जागीं दुसरें शोधूं लागला, तर त्याला हंसण्याचें कारण नाहीं.

मुळांत मोटारीला चाक नव्हतेंच. पहिल्या कित्येक गाड्या नावेच्या सुकाणूप्रमाणें दांड्यानें वळवीत. १८९४ सालीं पॅरिसहून रुआँपर्यंत मोटारींची जी शर्यत झाली, तींत आल्फ्रेड व्हाशराँ यानें आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजीं चाक लावलें होतें. पुढें थोड्याच वर्षांत दांडा मागें पडला. चाक दोन्ही हातांनीं धरतां येतें, त्याला पूर्ण फेरे देतां येतात, आणि खालच्या दात्यांच्या पेटीमुळें रस्त्याचा हिसका हातापर्यंत येतांना मंदावतो. वेग वाढल्यावर दांड्याचा निभाव लागणें शक्यच नव्हतें.

आतां जुन्या, म्हणजे एअरबॅग नसलेल्या, गाडीचें चाक कसें बदलतात तें पाहूं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या वरच्या टोंकावर बारीक दांते कोरलेले असतात. त्या दांत्यांची संख्या आणि दांड्याची जाडी प्रत्येक कंपनीची निराळी. म्हणून बाजारांतलें चाक दांड्यावर सरळ बसत नाहीं. मध्यें एक जोडतुकडा लागतो. दुकानदार त्याला 'बॉस' म्हणतात. चाकाची निवड डोळ्यांनीं करावी, बॉसची करूं नये. तो गाडीचें नांव, नमुना आणि साल सांगूनच घ्यावा. जवळपासचा तुकडा कानशीनें घांसून बसवून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या हुषारीचें कौतुक करावें आणि तेथून निघावें. दांते अर्धवट धरले, तर एखाद्या वळणावर चाक हातांत फिरेल आणि गाडी मात्र सरळ जाईल.

जाणता मिस्त्री प्रथम पुढचीं चाकें सरळ करतो, बॅटरीची ऋण तार सोडवितो, हॉर्नचें झांकण काढतो आणि मधला नट उघडा पडल्यावर दांडा व चाक यांवर समोरासमोर खूण करतो. नट सैल करतो, पण पुरता काढीत नाहीं. दोनचार आटे शिल्लक ठेवूनच पुलर लावतो. हें न केल्यास घट्ट बसलेलें चाक एकाएकीं सुटून ओढणाऱ्याच्या तोंडावर आदळतें. हातोडा तर मुळींच चालवूं नये. अपघातांत छातीवर येण्याऐवजीं दांडा आंतल्या आंत दबावा अशी हल्लींच्या दांड्यांची रचना असते, आणि ठोकाठोकीनें नेमकी तीच बिघडते. नवें चाक चढल्यावर नट कंपनीनें सांगितलेल्या मापानेंच आवळावा. मग गाडी जागेवर उभी ठेवून चाक या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें. प्रत्येक ठिकाणीं हॉर्न वाजतो काय, आणि वळणाचा दिवा आपोआप परततो काय, हें पाहावें. बॉस चुकीचा असला, तर बहुधा हा दिवा प्रथम चुगली करतो.

चाक किती लहान घ्यावें, हा प्रश्न मात्र हौसेचा नसून गणिताचा आहे. आणि गणित म्हटलें कीं माझ्यासारख्या शाळामास्तराला राहवत नाहीं. समजा, मूळ चाकाचा व्यास ३८ सेंटिमीटर आहे आणि नव्याचा ३३. दांडा फिरविण्यास जोर तोच लागणार. पण तरफ आंखूड झाली. ३८ ला ३३ नें भागा, सुमारें १.१५ येतात. म्हणजे पूर्वीं १० किलो जोर लागत असेल, तर आतां साडेअकरा लागेल. पॉवर स्टिअरिंगच्या गाडींत हें जाणवणार नाहीं. जुन्या गाडींत बाजाराच्या गर्दींतून ती काढतांना खांद्यांना कळेल. उलट, हात तितकाच हलला तरी गाडी अधिक वळेल. नागपूर-रायपूर रस्त्यावर मालमोटारींच्या रांगेंतून भरधाव जातांना तो अधिकपणा कांहीं उपकाराचा नाहीं. शिवाय लहान चाकाचें कडें वेगमापकाच्या तबकडीवर येऊन आंकडे झांकतें, तें निराळेंच.

एअरबॅग असलेल्या गाडीची गोष्ट अगदीं वेगळी आहे. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या मोटारींत चालकासाठीं ही पिशवी सक्तीची झाली. ती स्टिअरिंगच्या मध्यावरील झांकणाखालीं घडी घालून ठेवलेली असते. टक्कर होतांच रासायनिक दारू पेटते, वायु सुटतो आणि पापणी लवण्याच्या आंत पिशवी फुगते. तिला वीज पोंचविणारी चपटी फीत चाकाखालीं घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. बाजारांतल्या बहुतेक शोभेच्या चाकांत पिशवी नसते. म्हणजे नवें चाक आलें, कीं पिशवी गेली.

परिचयाचा एक तरुण असें चाक बसविण्याच्या बेतांत होता. पिशवीचें काय, असें मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, समोरचा लाल दिवा लागणार नाहीं याची सोय दुकानदार करून देतो." ही सोय म्हणजे पिशवीच्या जागीं तारांत एक क्षुद्र रोधक बसविणें. गाडीला वाटतें, पिशवी जागच्या जागीं आहे! दिवा फसतो, टक्कर फसत नाहीं. मी त्याला एवढेंच विचारलें, "ही गाडी उद्यां तुझी आई, नाहीं तर धाकटा भाऊ चालवील; त्यांना हें ठाऊक असेल काय?" तो बराच वेळ गप्प राहिला, आणि चाक घेण्याचें त्यानें पुढें ढकललें. कायमचें कीं तात्पुरतें, तें मी विचारलेलें नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें कंपनीच्या मूळ रचनेशीं विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठरल्या. विमा कंपनीला न कळवितां केलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊं शकतो.

मग ज्याचें कडें खरोखर खराब झालें आहे, त्यानें काय करावें? कंपनीचेंच नवें चाक घ्यावें, किंवा जुन्या कड्यावर कातडें घट्ट शिवून घ्यावें. पिशवीच्या गाडीवर तें काम चाक न काढतां होत असेल तरच करवावें. रस्त्याकांठीं मिळणारें सैल आवरण नको. घामट हाताखालीं तें कड्यावरून सरकतें. मधल्या झांकणावर देवाचें चित्र किंवा पितळी चिन्ह चिकटविण्याची आपल्याकडे रीत आहे. पिशवी फुटली तर तेंच गोळीसारखें चेहऱ्यावर येईल, तेव्हां देवाला दुसरें आसन द्यावें. आणि उन्हाळ्यांत मोकळी जागा असेल, तर गाडी उभी करतांना चाक अर्धा फेरा फिरवून ठेवावें: तापलेली बाजू खालीं जाते, आणि परत आल्यावर हात जेथें पडतात ती बाजू त्या मानानें गार मिळते.