पायडल

चौथीत असताना मी निबंधात लिहिलं होतं, ‘अम्मी दिवसभर शिलाई मशीनचं पायडल मारते.’ गुरुजींनी ‘पायडल’खाली लाल रेघ ओढली आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, “शब्द ‘पेडल’ आहे. असो, मराठी काही तुमची भाषा नव्हे!” वर्ग हसला.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. पाय न थांबवता ती म्हणाली, “पाँव से चलता है, तो पायडलच बोलेंगे ना?”

पुढे कॉलेजात शब्दकोश हाताशी आले, तेव्हा या शब्दाच्या मागे लागलो. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’ म्हणतात, त्याचं षष्ठीचं रूप ‘पेडिस’. त्यावरून इटालियन ‘पेदाले’, फ्रेंच ‘पेदाल’ आणि इंग्रजी ‘पेडल’. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला, तो चर्चमधल्या ऑर्गनच्या पायपट्ट्यांसाठी. सायकलीला पेडल लागलं ते 1860च्या दशकात, पॅरिसमध्ये. शिलाई मशीनच्या पायाखालच्या लोखंडी पाटीला इंग्रजीत खरं तर ‘ट्रेडल’ म्हणतात, म्हणजे तुडवायची वस्तू. आपल्या लोकांनी तो भेद ठेवलाच नाही. पायानं चालतं ते पायडल!

आणि लॅटिनचा तो ‘पेड’ व संस्कृतचा ‘पाद’ हे एकाच मुळाचे शब्द. ‘पाद’चा मराठीत ‘पाय’ झाला, आमच्या घरच्या दखनीत ‘पाँव’. फारसीतही पायाला ‘पाय’च म्हणतात, ‘पायजमा’ म्हणजे पायांचा जामा, पायांचं वस्त्र. म्हणजे ‘पेडल’मध्ये पाय पहिल्यापासून होताच. इंग्रजी पेहरावात तो ओळखू येत नव्हता. आपल्या शिंप्यांनी, सायकलवाल्यांनी त्याला ओळखलं आणि घरात घेतलं.

गुरुजींना शब्द माहीत होता, शब्दातला पाय माहीत नव्हता. अम्मी शाळेत गेली नव्हती, पण रात्री तिच्या पोटऱ्यांना तेल चोळताना तो पाय माझ्या हाताला लागायचा. त्या पायावरच आम्ही चार भावंडं शिकलो.

अम्मी आता नाही. मराठी कुणाची, हा प्रश्न मात्र अजून मला अधूनमधून विचारला जातो. मी वाद घालत नाही. कवितेत ‘पायडल’च लिहितो. लाल रेघ ओढायची असेल, तर खुशाल ओढावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)