चार गाड्यांची कुळकथा



मंडळाच्या व्यासपीठावर संत, नाटक वा इतिहास सोडून आम्ही एका फ्रेंच मोटारीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बुगाटीची ‘अटलांटिक’ अवघी चार वेळा घडली, त्यांतील तीन उरल्या, आणि त्या कशा उरल्या हे पाहू लागले की मोटारीपलीकडचे काही हाती लागते.

एत्तोरे बुगाटी हा जन्माने मिलानचा. त्याने १९०९ मध्ये आल्सासमधील मोल्सहाइम येथे कारखाना काढला. तो प्रांत तेव्हा जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला. त्याचा पुत्र ज्याँ याने १९३५ साली ‘एरोलिथ’ ही नमुना-गाडी प्रदर्शनात मांडली. तिचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता असे मानतात. हा धातू हलका खरा, पण वेल्डिंगला दाद न देणारा, तापला तर पेट घेणारा. म्हणून पत्र्यांच्या कडा बाहेर वळवून रिव्हेट ठोकले गेले आणि गाडीच्या माथ्यावरून शेपटीपर्यंत एक उभी शिवण उमटली. पुढे १९३६ ते १९३८ या काळात झालेल्या चारही गाड्या अॅल्युमिनियमच्या. शिवणीची गरज संपली होती, तरी ज्याँने ती राहू दिली. ३,२५७ घनसेंटीमीटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन आपणांस ठाऊक नसले तरी चालेल. ती शिवण एकदा पाहिलेला मनुष्य मात्र गाडी विसरत नाही. ज्याँ स्वतः ११ ऑगस्ट १९३९ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, शर्यतीच्या गाडीची चाचणी घेताना एका सायकलस्वाराला वाचविण्याच्या प्रयत्नात गेला.

पहिली गाडी इंग्लंडमध्ये व्हिक्टर रॉथशील्डकडे गेली, पुढे अमेरिकेत पोचली. चौथीही प्रथम इंग्लंडलाच गेली; १९८८ पासून ती राल्फ लॉरेन यांच्या संग्रहात आहे. या दोघींना धनी बरे लाभले, एवढेच म्हणू.

तिसरीची कथा निराळी. १९५५ साली फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला उडविले. आतील दोघेही दगावले. उरलेले भंगार कोणी वितळविले नाही. १९६३ मध्ये ते एका संग्राहकाने घेतले आणि त्यातून गाडी पुन्हा उभी राहिली. तिचा बराचसा पत्रा नवा आहे, म्हणून काही जाणकार तिला अस्सल मानावयास कचरतात. आम्हांस हे पटत नाही. जीर्णोद्धार झालेल्या देवळाला आपण नवे देऊळ म्हणतो काय? चिरे बदलतात, गाभारा तोच राहतो. अर्थात किती चिरे बदलावेत, हा वाद उरतोच, आणि नोंदवह्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना तो गोडही वाटतो.

दुसरी गाडी ज्याँची स्वतःची, काळ्या रंगाची. जर्मन सैन्य येणार म्हणून कारखान्याचा पसारा बोर्दोकडे हलविण्यात आला. फेब्रुवारी १९४१ मध्ये रेल्वेने तिकडे धाडावयाच्या गाड्यांच्या यादीत तिची शेवटची नोंद आहे, असा अभ्यासकांचा तर्क. त्यानंतर कोणत्याही कागदावर ती नाही. २०१९ मध्ये बुगाटी कंपनीने तिच्या स्मरणार्थ एकच नवी गाडी बनविली. किंमत कर वगळून १ कोटी १० लाख युरो. मूळ गाडीची मात्र काही कृष्णधवल छायाचित्रे तेवढी आहेत, आणि तिचा शोध अद्याप चालू आहे.