दुसऱ्या विमानतळाची वाट



दिनांक २५ डिसेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानें उडूं लागलीं. आजवर मुंबई परिसराच्या प्रवाशाला सांताक्रूझ-सहार हें एकच द्वार होतें. आतां पनवेलजवळ उलव्याला दुसरें उघडलें. आम्हां मीरा-भाईंदरच्या रहिवाशांनीं ह्या दुसऱ्या द्वारापर्यंत जावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, विमानतळाकडे थेट जाणारी बसगाडी ही विमानतळाला जोडलेली शोभेची वस्तु नव्हे. ती विमानतळाचाच एक भाग होय.

दुसऱ्या विमानतळाची गरज कां पडली, तें प्रथम पाहूं. सहारच्या दोन्ही धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळें दोन्हींचा वापर एकाच वेळीं होऊं शकत नाहीं, आणि भोंवतीं वस्ती इतकी दाटली आहे कीं वाढावयास जागा उरली नाहीं. उलव्याचा विमानतळ पहिल्या टप्प्यांतच वर्षाला दोन कोटि प्रवाशांसाठीं बांधला आहे. तेव्हां पुढें अनेकांच्या तिकिटावर हाच विमानतळ येणार. एकाच कंपनीचीं विमानें दोन्ही ठिकाणांहून उडतात. म्हणून तिकीट हातीं येतांच त्यावरील तीन अक्षरें वाचण्याची संवय लावून घ्यावी. ‘बीओएम’ म्हणजे सहार आणि ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई. हीं अक्षरें न वाचणारा मनुष्य वेळेवर पोंचूनहि भलत्याच दाराशीं उभा राहील.

आतां अंतराचा विचार करूं. भाईंदरहून सहार सुमारें २५ किलोमीटर आहे आणि नवी मुंबईचा विमानतळ ५० हून कांहींसा अधिक. शाळेंत काळ-काम-वेगाचें गणित शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. त्या गणितांतला विद्यार्थी चटकन् सांगेल कीं, अंतर दुप्पट, तर वेळहि दुप्पट. परंतु प्रवासाचें गणित इतकें सरळ नसतें. त्यांत वेळ जातो तो रस्त्यापेक्षां सांध्यांवर. आगगाडीनें जावयाचें म्हटलें, तर भाईंदरहून दादर, दादरहून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बर मार्गानें बेलापूर, आणि तेथून पुन्हां रिक्षा. दोन वेळां गाडी बदलावयाची, तितक्याच वेळां जिने चढावयाचे, तेंहि हातांत पेटी, कडेवर मूल आणि बरोबर वृद्ध आई असतांना! वसईहून दिव्यावरून पनवेलला जाणारा लोहमार्ग आहे खरा. पण त्यावर गाड्या थोड्या, आणि त्यांचा व विमानाचा मुहूर्त जुळेलच असें नाहीं. एक सांधा चुकला कीं पुढचे सारे चुकतात. थेट गाडींत बसणारा मनुष्य वेगानें जातो असें नाहीं. पण त्याच्या मार्गांत सांधाच नसल्यामुळें चुकण्याची जागाहि उरत नाहीं.

कोणी म्हणेल, “जो विमानाचें तिकीट काढतो, त्याला मोटारीचें भाडें कां जड व्हावें?” हा आक्षेप जुन्या काळचा आहे. विमान हें श्रीमंतांचें वाहन होतें, ते दिवस गेले. आखातांत मजुरीस निघालेला सुतार, परगांवीं शिकणारी मुलगी, उपचारासाठीं आणलेला रुग्ण हे सारे आज विमानानें जातात. त्यांपैकीं पुष्कळांनीं तिकिटासाठीं महिनोन् महिने पैसा सांठविलेला असतो. स्वस्त तिकिटांत वांचलेली रक्कम अपरात्रींच्या मोटारभाड्यांत गेली, तर ती वांचली कोठें? शिवाय विमानतळावर झाडलोट करणारे, सामान वाहणारे, पहारा देणारे ह्यांनाहि रोज तेथें जावेंच लागतें.

हें इतरत्र ओळखलें गेलें आहे. बंगलोरचा विमानतळ मे २००८ मध्यें शहराबाहेर देवनहळ्ळीला गेला. शहराच्या मध्यापासून तो सुमारें ३५ किलोमीटर दूर. पण मेट्रो रेल्वेची वाट न पाहतां तेथील महानगर परिवहन संस्थेनें ‘वायुवज्र’ नांवाच्या थेट गाड्या निरनिराळ्या उपनगरांतून सोडल्या. गोव्यांत दाभोळीला पर्याय म्हणून मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, आणि कदंब परिवहन महामंडळाच्या गाड्या तेथून प्रवाशांना शहरांकडे नेऊं लागल्या. आपल्या महाराष्ट्रांतहि १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस. टी. ची पहिली गाडी निघाली. ज्याच्यापाशीं स्वतःचें वाहन नाहीं, त्यालाहि ठराविक वेळीं ठराविक ठिकाणीं पोंचतां यावें, हेंच त्या गाडीमागचें तत्त्व.

मात्र नुसता ‘विमानतळ’ असा फलक लाविल्यानें गाडी थेट होत नाहीं. ती कोणत्याहि संस्थेची असो, तिला चार प्रश्न विचारावे. पहाटेच्या आणि रात्रींच्या विमानांसाठीं ती सुटते काय? पेट्या ठेवावयास तींत जागा आहे काय? तिचे थांबे मोजके आहेत काय? आणि उतरलेल्या प्रवाशाला परत आणावयास ती उशिरापर्यंत उभी असते काय? ह्या चारहि प्रश्नांना होकार मिळाला, तरच ती गाडी भरंवशाची.

प्रवाशाचेंहि कर्तव्य आहे. काशीमिऱ्याहून ठाण्याकडे जाणारा घोडबंदरचा रस्ता आपणां सर्वांस ठाऊक आहे. न्हावाशेवा बंदर आणि गुजरात ह्यांमधील मालमोटारी त्याच वाटेनें जातात, आणि गायमुखच्या चढावर एक अवजड गाडी बंद पडली कीं मैलभर रांग लागते. बसगाडी ह्या रांगेवरून उडून जाऊं शकत नाहीं. म्हणून गणित शेवटाकडून मांडावें. विमान सकाळीं दहाचें असेल, तर देशांतर्गत प्रवासाचें सामान स्वीकारण्याची खिडकी साधारणतः नवाला बंद होते. म्हणून आठाला पोंचावें. रस्त्याचे दोन तास धरावे, आणि घोडबंदरच्या नांवानें आणखी एक तास बाजूस काढावा. म्हणजे पांचची गाडी गांठणें शहाणपणाचें. हा जादा तास वांयां गेला असें मानूं नये; तो तिकिटाचा विमाच होय.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा विमानतळ १,१६० हेक्टर भूमीवर उभा आहे. त्यासाठीं दहा गांवांना आपलीं घरेंदारें सोडावीं लागलीं. त्याच्याहि पूर्वीं, नवी मुंबई वसतांना, जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं भूमिपुत्रांनीं आपल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं आंदोलन केलें, आणि त्यांत पांच जणांचे प्राण गेले. सार्वजनिक कामासाठीं म्हणून जी भूमि घेतली, तिच्यावर उभी राहिलेली वास्तु सर्वांची असली पाहिजे. आणि ती सर्वांची आहे कीं नाहीं, हें तिच्या संगमरवरी दालनांवरून ठरत नाहीं. भाईंदरचा एखादा म्हातारा पेटी घेऊन, कोणाच्याहि मिनतवाऱ्या न करतां, आपला आपण तेथें पोंचूं शकतो कीं नाहीं, ह्यावरून ठरतें. आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकापाशीं थेट गाडीची मागणी करतांना आपण ही कसोटी त्याच्यापुढें ठेवावी, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतों.