सर्वांच्या घरची वही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘ब्लॉकचेन आणि टाकाऊतून व्यवसाय’ हा विषय मला दिला तेव्हा मी म्हटले, सातवी शिकलेल्या बाईला हा कशाला? अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “गोधडी विभागाची वही तुम्हीच लिहिता ना? मग तुम्हीच बोला.” त्यांच्या मनातले मी ओळखले.

टाकाऊ वस्तू पुन्हा वापरात फिरवण्याला हल्ली चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. नाव नवे, काम आपल्या ओळखीचे. बोहारीण जुन्या साड्या घेऊन पातेले देते. त्यांतल्या धडक्या पुन्हा बाजारात जातात, विरलेल्यांची पोतेरी होतात. रद्दीवाला, भंगारवाला यांचेही तेच. या धंद्यांत वस्तूवाचून अडत नाही, अडते ते हिशेबाशी. वजन किती भरले, पैसे कोणाला पोचले, हे लिहिणारा एकच, आणि वही त्याच्याच पेटीत!

ब्लॉकचेन म्हणजे, माझ्या मुलीने समजावले तसे सांगते, अशी वही की जिच्या सारख्या प्रती अनेकांच्या संगणकांवर असतात. नवी नोंद सगळ्या प्रतींत उतरते. शिवाय प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते, त्यामुळे मागचा आकडा कोणी बदलला तर पुढच्या खुणा जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते. २००९ साली बिटकॉइन सुरू झाले ते याच युक्तीवर.

कॅनडात २०१३ साली निघालेल्या ‘प्लॅस्टिक बँके’ने ती भंगाराला लावली. आधी हैतीत व पुढे फिलिपीन्स, इंडोनेशियात गरीब माणसे प्लॅस्टिक वेचून केंद्रावर आणू लागली. तिथे वजन होऊन नोंद या वहीत चढते आणि भावावर थोडी जास्त रक्कमही मिळते. माल घेणाऱ्या कारखान्याला तो कोठून आला हे दाखवता येते. पैसे मोबाईलवर जमा होत असल्याने रोकड घेऊन फिरण्याची धास्ती नाही. बाईमाणसाला हे केवढे सोयीचे!

पण मी मुलीला विचारले, काट्यावरच चुकले तर? ती म्हणाली, “मग चूकच पक्की होऊन बसते.”

ते ऐकून माझ्या पोटात कालवले. आपल्या एका भगिनीने अकरा साड्या दिल्या होत्या. घाईत मी एकच मांडली. साडीमागे वीस रुपये देताना त्या बोलल्या, तर मी वही पुढे केली, “इथे तर एकच आहे!” चारचौघींत त्या गप्प झाल्या. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांच्या चिठ्ठीसकट गाठोडे सापडले. मी घरी जाऊन दोनशे रुपये दिले, माफी मागितली. पैसे त्यांनी घेतले. मंडळात मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत.

माझ्या वहीत कोणी खाडाखोड केली नव्हती, बरे का! नोंद करताना त्यांना ती दाखवली असती तर तेव्हाच चूक कळली असती. अनोळखी गिऱ्हाइकांशी व्यवहार करणाऱ्या छोट्या कारखानदाराला ती संगणकाची वही कामाची असेल; आपल्या पंधरा-वीस जणींना तिचा खर्च कशाला? आता मी नोंद मोठ्याने वाचते, देणारीची सही घेते आणि पानाचा फोटो सगळ्यांना मोबाईलवर पाठवते.

या महिन्याचे पान बरोबर आणले आहे. ज्यांनी साड्या दिल्या त्यांनी चहाच्या वेळी आपापला आकडा पाहून सही करावी. चश्मा विसरला असेल तर माझा घ्या.