पेशींचे टपाल आणि घरातले मौन



आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे, ती केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी सूक्ष्म आहे. शरीरातील पेशी पातळ आवरणाच्या पुटिका सतत बाहेर सोडत असतात. त्यांतील एक्सोसोम हा प्रकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराचा. १९८३ साली कॅनडातील रोझ जॉनस्टोन यांना मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करताना या पुटिका आढळल्या. पेशीने बाहेर टाकलेला केरकचरा, अशीच त्यांची दीर्घकाळ ओळख होती. २००७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, त्यांत आरएनए असतो आणि दुसऱ्या पेशीत पोहोचून तो कामही करतो. म्हणजे हा कचरा नव्हे, टपाल आहे!

हेच टपाल रोगाच्याही कामी येते. बीजांडकोशाच्या कर्करोगपेशींनी सोडलेल्या पुटिका पोटाच्या आतील अस्तराला गाठी रुजण्यास अनुकूल करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. एंडोमेट्रिओसिस हा कर्करोग नव्हे. परंतु त्यातही गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते, नव्या रक्तवाहिन्या मिळवते. तेथेही या पुटिकांचा हातभार असल्याचे पुरावे पुढे येत आहेत.

याचे महत्त्व निदानात आहे. बीजांडकोशाचा कर्करोग बहुधा पोटात पसरल्यावरच कळतो. एंडोमेट्रिओसिस जगातील प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना होतो. निदानाला मात्र वर्षे लागतात. रक्तातील सीए-१२५ दोन्ही विकारांत वाढते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेतील लुइव्हिल येथील संशोधकांनी २००८ साली रक्तातील पुटिकांमधून बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या खुणा वाचण्याची दिशा दाखविली. तथापि पुटिका वेगळ्या करण्याच्या पद्धती ठिकठिकाणी भिन्न असल्याने ही तपासणी अद्याप नित्य वापरात आलेली नाही.

मग तोवर काय करायचे? पेशी आपला निरोप पोहोचवते. घरातील स्त्रीचा निरोप मात्र उंबरठ्याच्या आतच अडतो. पाळीत असह्य वेदना होणाऱ्या मुलीला ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ असे सांगितले जाते. सतत पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे या आईच्या तक्रारी पित्तावर ढकलल्या जातात. प्रत्येक तक्रार म्हणजे गंभीर आजार नव्हे. पण ती टिकून राहिली तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. विज्ञान अतिसूक्ष्म निरोप वाचायला शिकत आहे. आपण निदान स्पष्ट शब्दांत सांगितलेला निरोप तरी ऐकू या.