मार्फान मुलांचं हृदय



मार्फान सिंड्रोम असलेल्या मुलाचा इको झाला की आईवडील पहिल्यांदा विचारतात, "डॉक्टर, पंपिंग किती?" साठ टक्के म्हटलं की त्यांच्या जिवात जीव येतो. पंपिंग चांगलं असणं उत्तमच. पण या आजारात तेवढ्यावर निर्धास्त होऊन चालत नाही.

पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ साली लांबच लांब हातपाय आणि बोटं असलेल्या पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं. हृदयाचा संबंध उमगला तो बऱ्याच काळानंतर. दोष कुठल्या जनुकात आहे हे १९९१ मध्ये सापडलं: पंधराव्या गुणसूत्रावरचं, फायब्रिलिन नावाचं प्रथिन बनवणारं जनुक. हे प्रथिन नीट बनलं नाही की महाधमनीची भिंत धुऊन धुऊन सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखी होते. प्रत्येक ठोक्याला रक्ताचा पहिला तडाखा बसतो तो झडपेच्या लगेच वरच्या तीन फुगीर कप्प्यांना, म्हणजे महाधमनीच्या मुळाला. ते हळूहळू रुंदावत जातं, आणि मुलाला काहीही जाणवत नाही.

इकोत आम्ही हेच मूळ मिलिमीटरमध्ये मोजतो. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. सतरा वर्षांच्या उंच मुलाचं मूळ तीस मिलिमीटर भरलं तर चिंता नको. सात वर्षांच्या मुलीचं तेवढंच भरलं तर ते फारच रुंद आहे. म्हणून उंची-वजनाचा हिशेब धरून झेड स्कोअर काढतात. शून्य म्हणजे त्या अंगकाठीची सरासरी; दोनच्या पुढे गेलं की मूळ रुंदावलेलं. रिपोर्टवर उंची-वजन लिहिलेलं नसेल तर बेलाशक परत पाठवा.

आता पंपिंगकडे येऊ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं त्याकडे. यातल्या बऱ्याच मुलांची द्विदल झडप सैल असते, काहींची गळते. गळकी झडप पंपिंगचा आकडा फुगवते, कारण डाव्या कप्प्यातलं थोडं रक्त पुढे न जाता सहज मागे सांडतं आणि कप्पा मात्र छान रिकामा झालेला दिसतो. शिवाय झडप धड असतानाही काही मुलांत हृदयाचा स्नायू सैलावायला किंचित सुस्त असतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. बहुधा ते सौम्यच असतं. जन्मतःच उग्र असलेल्या प्रकारात मात्र गळक्या झडपांमुळे तान्ह्या बाळाचं हृदय थकतं.

आजार वेळेत कळला नाही तर काय होतं? अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन साडेसहा फुटांच्या आसपास उंच होती. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाला रौप्यपदक मिळालं. जानेवारी १९८६ मध्ये जपानमधल्या मात्सुए इथे सामना चालू असताना ती कोसळली आणि गेली. महाधमनी फाटली होती. आजार कळला तो शवविच्छेदनात. आपल्याकडेही उंच पोरगं दिसलं की क्रीडाशिक्षकांचे डोळे चमकतात. चमकू द्या, पण बोटं विलक्षण लांब, चष्म्याचा नंबर मोठा, छातीचं हाड आत गेलेलं असेल तर मैदानाआधी इको.

मूळ रुंदावण्याचा वेग कमी करणारी औषधं साधी आहेत. एटेनोलॉल की लोसार्टन, हा वाद बरेच दिवस चालला. २०१४ साली ६०८ मुलं आणि तरुणांवरच्या चाचणीत तीन वर्षांत मूळ रुंदावण्याच्या वेगात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. गोळी स्वस्त आहे. अवघड असतं ते काही होत नसताना रोज घेणं.

आणि घरच्यांचं काय? चारातल्या सुमारे तीन मुलांत हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. म्हणून मुलाचं निदान झालं की दोघांचाही इको करून घ्यावा. "मला काय धाड भरलीय!" असं म्हणणारे उंच, शिडशिडीत वडील असतील तर त्यांचा आधी.